सासूबाईंच्या खोलीतली हवा

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवत, आणि तो त्या ठशांत प्लास्टर ओतून, मेण चढवून, गुलाबी हिरड्या घडवून त्यांत एकेक दात बसवून देई. काम घरातच चाले. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची गॅलरी काचा लावून बंद केलेली होती. तिथे त्याचं टेबल, घासायची छोटी मोटर, मेण वितळवायचा दिवा आणि ओळीने वाळत ठेवलेले अनोळखी माणसांचे जबडे. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा ते पाहून हमखास दचकायचा. त्याला स्वतःला त्या जबड्यांची भीती वाटत नसे. बाकी जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींची वाटे.

स्वभावच तसा. गॅस बंद केला का, हे बघायला तो जिन्यातून परत यायचा. बघून झालं की, बघताना हात लागून सुरू तर नाही ना झाला, म्हणून पुन्हा यायचा. बायको शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. तिला यायला जरा उशीर झाला की याच्या डोळ्यांपुढे उलटलेली बस उभी राहायची. मग डेपोत फोन. डेपोतला माणूस आता याचा आवाज ऐकायच्या आधीच सांगून टाकायचा, "निघाल्या, निघाल्या. चहा पिऊन निघाल्या." मेहुण्याने त्याचं नावच 'काळजीवाहू' ठेवलं होतं. "सरकारं येतात नि जातात," तो म्हणायचा, "आमचे दाजी मात्र कायमचे काळजीवाहू." यावर सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि हसता हसता कुणाला ठसका तर लागत नाही ना, इकडे त्याचं लक्ष असायचं.

अशा माणसाच्या घरी सासूबाई राहायला आल्या.

सासूबाईंचं आयुष्य बेकरीत गेलं होतं. पिठाची पोती रिकामी करायची, चाळायचं, मळायचं, भट्टीत पाव सरकवायचे. सकाळी कामाला लागल्या की दुपारपर्यंत पापण्यांवरसुद्धा पीठ. अंगाने दणकट, आवाज असा की भट्टीच्या घरघरीतूनही रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जावा. पण इतक्या वर्षांचं पीठ छातीत साठत गेलं आणि एका हिवाळ्यात त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच, उठवेना. दवाखान्यात बरेच दिवस काढले. बाहेर आल्या तेव्हा आवाज निम्मा झाला होता आणि हातात औषधाचा पंप आला होता.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी लेकीला आणि जावयाला समोर बसवलं.

"फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पण जपलं तर बऱ्या राहतील. धूळ नको, धूर नको, उग्र वास नको. घरातली हवा चांगली ठेवा."

धूळ म्हटल्याबरोबर त्याने दोन्ही हात खिशात घातले. नखांत प्लास्टर होतं.

सासूबाईंना आतली खोली दिली. खोली छान होती, उजेडाची. पण तिची एक खिडकी गॅलरीत उघडायची, म्हणजे थेट त्याच्या टेबलावर. पहिल्याच दिवशी त्याने ती खिळे ठोकून बंद केली. वर पट्टी चिकटवली. दारावर ओली चादर टांगली. काम करताना मोटरीखाली ओलं फडकं अंथरलं. तरीही भिंतीपलीकडून खोकला यायचा, आणि खोकला आला की त्याचा हात मोटरीवरच थांबायचा. सुका आहे की ओला, लांबलाय की आटपला, पाणी प्यायल्या की नाही, कान लावून तो सगळं ऐकायचा. दात वाकडा बसायचा. काढून पुन्हा बसवायचा.

"मी कामच बंद करतो," एकदा तो बायकोला म्हणाला. "माझ्याच टेबलाची धूळ जातेय त्यांच्या छातीत."

"आणि करशील काय?" बायको बूट काढत म्हणाली. "दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत बसशील. आत्ता नुसता खोकला आहे, मग वेडही लागेल तिला."

काम बंद करणं परवडणारं नव्हतंच. म्हणून त्याने मशीन आणायचं ठरवलं.

दुकानातला विक्रेता टाय लावलेला, गोड बोलणारा होता. त्याने काचेच्या बंद पेटीत मशीन ठेवून विझलेल्या काडीचा धूर आत सोडला. पेटी पांढरी झाली. मग बटण दाबलं, आणि बघता बघता धूर नाहीसा. "इलेक्ट्रॉनिक आहे, साहेब," विक्रेता म्हणाला. "आत पत्र्या आहेत. विजेच्या जोरावर धूळ खेचून घेतात. गाळणी बदलायची कटकट नाही, आवाज नाही. पत्र्या धुवायच्या, पुसायच्या, परत घालायच्या. आणि हे पानाचं चित्र असलेलं बटण दाबलंत की ताजी हवा." धूर कसा नाहीसा झाला ते याने त्याला पुन्हा करून दाखवायला लावलं. तिसऱ्यांदाही दाखवायला लावलं असतं, पण मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

मशीन उंच, पांढरं, वर निळा दिवा. ते खोलीत आणून ठेवल्यावर सासूबाईंनी उशीवरून मान उचलली.

"जावईबापू, एवढासा फ्रीज? यात मावणार काय?"

"फ्रीज नाही आई. हवा धुतं हे."

"धुतं?" त्या म्हणाल्या. "मग वाळत कुठे घालतं?"

हसल्यामुळे त्यांना खोकला आला आणि त्याने घाईघाईने बटण दाबलं.

सुरुवातीला त्याचा जीव खरंच भांड्यात पडला. निळा दिवा लागलेला असायचा. मधूनच आतून 'चट्ट' असा बारीक आवाज यायचा. धुळीचा मोठा कण पत्रीला चिकटला की असं होतं, असं विक्रेत्याने सांगितलेलं. टेबलाशी बसून तो 'चट्ट' ऐकायचा आणि मनात म्हणायचा, पकडला. आठवडाभराने त्याने पत्र्या बाहेर काढल्या तेव्हा त्या काजळी फासल्यासारख्या काळ्या होत्या. त्याला आधी आनंद झाला. एवढं सगळं हवेत होतं? त्याने त्या पत्र्या बायकोला दाखवल्या, शेजारच्या काकूंना दाखवल्या, शेवटी सासूबाईंनाही.

"हे सगळं तुमच्या छातीत गेलं असतं, आई."

त्यांनी पत्र्यांकडे पाहिलं, शाल अंगाभोवती ओढली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, सापडलं." पण आवाजात काही दम नव्हता.

घाण डोळ्यांना दिसल्यावर मात्र त्याला चैन पडेना. आधी धूळ असावी अशी नुसती शंका होती, आता ती हातात धरता येत होती. खिडक्यांच्या फटींतून येत असेल, म्हणून त्याने फटी पट्टीने बुजवल्या. दाराखालच्या जागेत जुना टॉवेल गुंडाळून ठेवला. पानाचं बटण आधी थोडा वेळ दाबायचा, मग ते दिवसभर दाबलेलंच राहू लागलं. ते सुरू असलं की खोलीत एक वेगळाच वास यायचा. झेरॉक्सच्या दुकानात येतो, किंवा विजा चमकून गेल्यावर येतो, तसा काहीसा तिखट, धारदार. हाच तो स्वच्छपणाचा वास, असं त्याने धरून चाललं. दवाखान्यालाही वास असतोच की.

खोकला कमी झाला नाही. उलट वाढला, आणि त्याचं रूपही बदललं. पूर्वी तो खोल, बेकरीतल्या पोत्यासारखा जड होता. आता सुका, घसा खरवडणारा, थांबतच नसे. सासूबाई छातीवर हात ठेवून बसायच्या आणि पंपाकडे बघायच्या. तो म्हणायचा, "आई, कसं वाटतंय?" त्या म्हणायच्या, "बरं वाटतंय." तासाभराने तो पुन्हा विचारायचा. त्या पुन्हा बरं वाटतंय म्हणायच्या. आणखी धूळ कुठून तरी येत असणार, दुसरं काय? त्याने दुसरं मशीन आणलं आणि बाहेरच्या खोलीत ठेवलं. आता घरात दोन निळे दिवे.

"मला घरात आलं की डोळे चुरचुरतात," बायको म्हणाली. "आणि डोकं जड होतं. बसमध्ये नाही होत."

"बाहेरची धूळ कपड्यांतून घेऊन येतेस," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून दारातच तिच्यासाठी ओला नॅपकिन ठेवू लागला. तिने नॅपकिनने तोंड पुसलं आणि काही न बोलता आत गेली. ती काही बोलली नाही की जास्त भीती वाटायची.

मग सासूबाई जिन्यात जाऊन बसायला लागल्या. मधल्या टप्प्यावर एक उघडी खिडकी होती, तिच्याखालच्या पायरीवर.

"इथे कशाला, आई? धूळ आहे इथे."

"येणारी-जाणारी माणसं दिसतात," त्या म्हणाल्या. "घरात काय, तुमचे ते जबडे. ते काही बोलत नाहीत."

त्याने ते मनाला लावून घेतलं. आपल्या घरी त्यांना करमत नाही, आपल्या हातून त्यांची सेवा नीट होत नाही. त्याने गॅलरीतलं काम जवळजवळ थांबवलं. पूर्ण करायच्या कवळ्या फडक्याखाली झाकून पडल्या. अखेर दातांच्या डॉक्टरांचा फोन आला.

"अहो, ते निवृत्त मास्तर रोज माझ्या दारात येतात. पुढच्या आठवड्यात त्यांचं भाषण आहे. बिनदातांचे उभे राहिले तर 'स' आणि 'श' सगळा एकच होईल. तुम्ही आजारी आहात का?"

"मी नाही," तो म्हणाला. "घरी जरा..."

मास्तरांची कवळी त्याने कशीबशी पुरी केली. ती द्यायला जाताना त्याने सासूबाईंना जेवण दिलं, पंप जवळ ठेवला, दोन्ही मशिनं सुरू आहेत ना ते पाहिलं, पानाचं बटण पाहिलं, दाराखालचा टॉवेल पाहिला. "मी आलोच," म्हणाला. डॉक्टरांकडे मास्तर स्वतःच बसलेले होते, त्यांनी कवळी लावून अख्खं भाषण म्हणून दाखवलं, म्हणून उशीर झाला.

घरी येऊन पाहतो तर पलंग रिकामा. निळा दिवा जळतोय, आतून चट्ट, चट्ट. पंप उशीजवळ तसाच.

जिन्यात पाहिलं, नाहीत. गच्चीत पाहिलं, नाहीत. शेजारच्या काकूंचं दार वाजवलं, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. उतरताना प्रत्येक मजल्यावर त्याला त्या पायरीवर कोसळलेल्या दिसत होत्या, आणि प्रत्येक मजला रिकामा निघत होता. पंप मुठीत घट्ट धरलेला. खाली कोपऱ्यावर वर्तमानपत्रं विकणारी बाई होती, तिला त्याने धापा टाकत विचारलं.

"त्या उंच, शाल घेतलेल्या? त्या बसमध्ये चढल्या की. तळ्याकडच्या."

"त्यांना दम लागला होता का? खोकत होत्या?"

"नाही बुवा," ती म्हणाली. "ड्रायव्हर बाईशी काहीतरी बोलून हसत होत्या."

तळ्याकडची बस म्हणजे बायकोचीच. तिला फोन लावण्यात अर्थ नव्हता, गाडी चालवताना ती उचलत नसे. तो थांब्यावर उभा राहिला. त्या मार्गावर मालट्रक जातात, एका ठिकाणी रस्ता खोदलाय, तळ्याच्या अलीकडे कचरा जाळतात, हे सगळं त्याला तिथे उभं राहून आठवत गेलं. पंप नाही त्यांच्याजवळ. श्वास अडकला तर बायको स्टिअरिंग सोडून काय करणार? मग बस उलटेल. थांब्यावरचा एक माणूस त्याला बाकावर बसा म्हणाला. तो बसला नाही.

बस आली. काचेमागे बायको, आणि तिच्या मागच्याच सीटवर, खिडकी पूर्ण उघडी टाकून, सासूबाई. वाऱ्याने केस पिंजारलेले. हातात अर्धा खाल्लेला पाव.

"चढ लवकर," बायकोने दार उघडून सांगितलं. "मागे गाडी उभी आहे. आणि मला काही विचारू नकोस, थांब्यावर हिला बघून माझाच ब्रेक जोरात लागला."

तो चढला, सासूबाईंच्या शेजारी बसला आणि पंप पुढे केला. त्यांनी तो घेऊन शालीत ठेवून दिला.

"आई, न सांगता असं..."

"सांगितलं असतं तर सोडलं असतंत का?" त्या म्हणाल्या. "हा पाव कुणी केलाय कोण जाणे, कच्चा आहे आतून. भट्टी तापायच्या आधी घातलाय. आमच्याकडे असा पाव बाहेर गेला असता तर मालकाने आधी मला बाहेर काढलं असतं. पण तळ्याजवळ मिळाला, गरम होता, घेतला. तिथे एक म्हातारा बदकांना घालत होता, मी म्हटलं, बाबा, बदकांनाही नको देऊस, पोट दुखेल त्यांचं."

तो ऐकत राहिला. आधी त्याला कळेना, काय वेगळं वाटतंय. मग लक्षात आलं. कितीतरी दिवसांत त्या मध्ये न थांबता एवढं बोलल्या नव्हत्या.

तो उतरला नाही. बसची पुढची फेरीही तो त्यांच्या शेजारी बसून राहिला. शेजारून ट्रक गेला तेव्हा त्याने पंप शालीत आहे ना ते पाहिलं. त्या दोनदा खोकल्या, नाक पुसलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. खोदलेल्या रस्त्यावर धुळीचा लोट आला तेव्हा त्याने काच ओढली, लोट गेल्यावर त्यांनी ती पुन्हा उघडली. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलेलं सगळं या रस्त्यावर होतं, आणि तरी या बाईचा श्वास चालला होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली. मग घरात असं काय आहे? माझं टेबल? पण मोटर तर कित्येक दिवस जवळजवळ बंदच आहे. खिडकीला खिळे आहेत. धूळ यायला वाट नाही. मग उरलं काय?

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "त्या मशीनचा तुम्हाला त्रास होतो का?"

त्यांनी पावाचा राहिलेला तुकडा कागदात गुंडाळला.

"ते पानाचं बटण दाबता ना," त्या म्हणाल्या, "त्यानंतर घशात काटे टोचल्यासारखं होतं. छाती कुणी दोरीने बांधावी तशी. जिन्यात गेलं की दोरी सैल होते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्हाला बघत होते मी, त्या पत्र्या धुताना. तान्ह्या मुलाला अंघोळ घालावी तशा धुता. कसं सांगणार होते? लेकीच्या घरी राहते मी. जावई एवढा जीव तोडून करतोय आणि मी म्हणू, मला याच्यानेच त्रास होतो? आणि मला तरी कुठे खात्री होती? म्हटलं, छातीच गेलीय माझी, मशीनला काय नावं ठेवायची."

समोर बायकोची पाठ दिसत होती. ती ऐकत होती हे तिच्या मानेवरून कळत होतं.

घरी आल्यावर दार उघडलं आणि तो वास अंगावर आला. रोज घरातच असल्यामुळे त्याला तो जाणवेनासा झाला होता. आता बाहेरच्या हवेतून आल्यावर नाकात सुई टोचल्यासारखा लागला. त्याने दोन्ही मशिनांच्या पिना खेचून काढल्या. मग खिडक्यांच्या पट्ट्या ओरबाडायला सुरुवात केली. पट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले, ती धूळ उडाली, आणि तो तसाच खिडकीत उभा राहिला, पुढे काय करावं ते न सुचून. बायकोने येऊन त्याच्या हातातली पट्टी घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सासूबाईंची छाती तपासली, फोटो काढायला लावला, मशीनचं वर्णन ऐकलं.

"चट्ट असा आवाज यायचा? आणि तिखट वास?"

तो हो म्हणाला.

"ओझोन," त्या म्हणाल्या. "हवेत वीज खेळवली की हवेतल्या प्राणवायूपासूनच तयार होतो. काही मशिनं मुद्दाम सोडतात तो, ताजी हवा म्हणून. पत्र्या मळल्या, ठिणग्या उडायला लागल्या की आणखी वाढतो. चांगल्या फुप्फुसांनाही झोंबतो, यांची तर आधीच दुखावलेली. आणि तुम्ही खिडक्या बुजवल्या होत्या, म्हणजे तो साठत गेला."

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "सगळी मशिनं वाईट नसतात," त्या म्हणाल्या. "नुसती दाट गाळणीतून हवा ओढणारी असतात, ती चालतील. पण आधी धूळ जिथे होते तिथेच थांबवा, आणि बाहेरची हवा बरी असेल तेव्हा खिडकी उघडा. मशीन त्याच्यानंतर."

"झालेलं नुकसान भरून येईल ना?"

"बहुतेक येईल."

हा 'बहुतेक' त्याच्या मानगुटीवर बसला. भाजी चिरताना, जिना चढताना, मेण वितळवताना तो सोबत असायचा. मशिनं बंद होऊनही खोकला लगेच गेला नाही. थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. आणि एका दुपारी सासूबाईंना असा दम लागला की पंपाने भागेना, ओठ निळसर दिसू लागले. रुग्णवाहिका बोलवावी लागली. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तो दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. बायको ड्युटीवरून तशीच गणवेशात आली.

"मी तुझ्या आईला..." तो म्हणाला, आणि रडायलाच लागला.

ती शेजारी बसली.

"तू चुकलास," ती म्हणाली. "मीही चुकले, डोळे चुरचुरत होते तेव्हाच पीन काढायला हवी होती. पण आत्ता रडून मला दोन माणसं सांभाळायला लावू नकोस. आत जा, तिला पाणी हवंय."

तो उठला, तोंड धुतलं आणि आत गेला. सासूबाईंच्या नाकाला नळी लावलेली होती. त्यांनी त्याला पाहिलं, त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नळीमागून म्हणाल्या, "पाच मिनिटं झाली तुम्ही विचारलं नाहीत, कसं वाटतंय ते. मला वाटलं, संपलेच मी."

या खेपेला त्या लवकर सावरल्या. घरी परतल्या तोवर घराची मांडणी बदलली होती. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यामागची मोकळी खोली त्याला घासायच्या कामासाठी दिली. मोटर आणि प्लास्टर तिकडे गेलं, तिथे टेबलापाशीच धूळ ओढून घेणारी नळी बसवली. गॅलरीत मेणाचं आणि दात मांडायचं हलकं काम तेवढं राहिलं. घट्ट बुजवलेल्या त्या खोलीच्या खिडक्या आता सकाळी, रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आधी, उघड्या असायच्या.

गाळणीचं मशीन घ्यायला मात्र तो तयार होईना. दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आला. जे काही आणू त्याने आणखी वाईटच होईल, अशी त्याने हाय खाल्ली होती. शेवटी सासूबाई स्वतः निघाल्या, त्याला बरोबर घेऊन. दुकानात त्यांनी मशीन सुरू करायला लावलं, खुर्ची मागवली आणि मशीनच्या तोंडाशी नाक नेऊन आरामात बसल्या. टायवाला विक्रेता अस्वस्थ झाला.

"आजी, याला काही वास येत नाही."

"म्हणूनच बसलेय," त्या म्हणाल्या. "येतो का, बघतेय." मग जावयाकडे वळल्या. "विचारा याला, वीज सोडतं का हवेत. तुम्हीच विचारा. तुम्हाला विचारायची सवय आहे."

त्याने विचारलं. पुन्हा विचारलं. माहितीपत्रक मागून घेतलं, ओझोन सोडत नाही असं लिहिलंय का ते ओळन् ओळ शोधून वाचलं, आणि मशीन घरी आलं. त्याला निळा दिवा नव्हता. पंख्यासारखा आवाज यायचा, सासूबाई त्याला भट्टीचा पंखा म्हणायच्या.

छाती पूर्वीसारखी झाली नाही, ती होणारच नव्हती. पण जिना चढताना त्या आता एकदाच थांबायच्या, आणि आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी लेकीच्या बसमधून तळ्यापर्यंत फेरी मारून यायच्या. घरात त्यांनी एक कायदा केला. "जावईबापू, सकाळी एकदाच विचारायचं, कसं आहे. मी खरं सांगेन. बरं नसेल तर नाही म्हणेन. पण एकदाच."

त्याने ते कबूल केलं. पाळणं जड जायचं. एका सकाळी त्याने विचारून झालं होतं, त्या "आज बरी आहे" म्हणाल्या होत्या, आणि तो गॅलरीत एका बाईंचे पुढचे दात मांडत बसला होता. स्वयंपाकघरातून खोकला आला. त्याचा हात थांबला. सुका की ओला? एकच होता. त्याने दात उचलला. पुन्हा खोकला, आता लांबलेला. विचारायचं नाही, असं ठरलं होतं. त्याने दात खाली ठेवला, चपला न घालता, आवाज न करता दारापर्यंत गेला आणि आत डोकावला. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या, रेडिओवर कुणीतरी काहीतरी गमतीचं सांगत होतं, चहा नाकात गेला होता आणि त्या डोळे पुसत हसत होत्या. त्यांनी त्याला दारात पाहिलं. त्याने विचारलं नाही. त्यांनी शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली आणि त्याच्यासाठी दुसऱ्या कपात चहा ओतला.